उतरंड आणि पंगत



जुन्या घरांमध्ये माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची. तळाशी सर्वांत मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, असं करत करत सगळ्यांत वर एखादं गाडगं. थोड्या जागेत वर्षाचं कडधान्य मावायचं आणि प्रत्येक मडक्याची जागा ठरलेली असायची. तळच्या मडक्यातली मूठभर डाळ हवी असली, की मात्र वरची सगळी एकेक करून उतरवावी लागत. त्याच घरात लग्नामुंजीला पंगत बसायची. पाट एका ओळीत, पानं सारखी, मिठापासून भातापर्यंत वाढण्याचा क्रम सगळ्यांना एकच.

माणसं एकत्र येऊन काम करू लागली, की त्यांच्यासमोर हेच दोन नमुने उभे राहतात. एकात हुकूम वरून खाली येतो आणि अहवाल खालून वर जातो. दुसऱ्यात सगळे एका ओळीत बसतात आणि कामाचं आपसात ठरवतात. व्यवस्थापनाची पुस्तकं त्यांना श्रेणीबद्ध रचना आणि सपाट रचना म्हणतात. आजच्या व्याख्यानात त्यांना उतरंड आणि पंगतच म्हटलं, तर विषय अधिक जवळचा होईल.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पंगतीची बाजू घेण्याची रीत पडली आहे. हिंजवडी किंवा ऐरोलीच्या आयटी कंपनीत कालपरवा लागलेला मुलगा विभागप्रमुखाला नावाने हाक मारतो. केबिनच्या भिंती गेल्या आहेत. उतरंड म्हटलं, की डोळ्यांसमोर येते ती कचेरीतली अडलेली फाईल. पण हा निवाडा फार घाईचा आहे. उतरंड मुळात का रचली गेली, ती कुठे फुटली आणि पंगत कुठे खरोखर पोटभर जेवून उठली, हे प्रत्यक्ष उदाहरणांत पाहिलं, तर पायऱ्यांच्या संख्येपेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या दिसतात. खालच्या माणसाचा शब्द निर्णयाच्या जागेपर्यंत न बदलता पोचतो का? आणि निर्णय नेमका कोण घेतो, हे सगळ्यांना दिसतं का?

सुरुवात एका टकरीपासून करावी लागते. ५ ऑक्टोबर १८४१ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टर्न रेलरोडच्या दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. दोघे दगावले, सतरा जखमी झाले. मार्ग एकेरी, गाड्या दोन्ही दिशांनी धावणाऱ्या, तारायंत्र अजून रेल्वेच्या मदतीला आलेलं नव्हतं. दीडशे मैलांच्या त्या मार्गावर या घडीला कोणती गाडी कुठे आहे, हे एकाही माणसाला सांगता येत नसे. अपघातानंतर कंपनीने मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येक विभागावर अधिकारी नेमले, कोणाचा हुकूम कोणी मानायचा आणि कोणी कोणाला काय कळवायचं, हे लिहून काढलं. उद्योगांचा इतिहास लिहिणारे आल्फ्रेड चँडलर आधुनिक कंपनीच्या अधिकाररचनेचा उगम इथे दाखवतात. म्हणजे कंपन्यांच्या उतरंडीची पहिली मडकी प्रवाशांचे जीव वाचवण्यासाठी रचली गेली. उतरंडीला नावं ठेवताना हे विसरता कामा नये.

चौदा वर्षांनी, १८५५ मध्ये, न्यूयॉर्कच्या ईरी रेलरोडचे सुपरिंटेंडेंट डॅनियल मॅककॅलम यांनी आपल्या कंपनीचा आराखडा काढून घेतला. कोण कोणाच्या हाताखाली, हे चित्रात दाखवणारा तो जगातला पहिला आराखडा मानला जातो. आज आपल्याला सवयीची असलेली, वर एक चौकट आणि खाली अनेक, अशी त्याची रचना नव्हती. तो झाडासारखा दिसतो. संचालक मंडळ आणि अध्यक्ष तळाशी, मुळांच्या जागी. तिथून विभागांच्या फांद्या वर पसरलेल्या, आणि टोकांना गाड्या चालवणारी, रूळ राखणारी माणसं. विभागातल्या अधिकाऱ्याला तिथली परिस्थिती ठाऊक असते, म्हणून रोजचे निर्णय त्याने घ्यायचे. खालून तारेने येणारी माहिती ताजी आणि खरी असली पाहिजे, असा मॅककॅलम यांचा आग्रह होता. पुढे कधीतरी हे झाड उलटं झालं आणि साहेब वरच्या चौकटीत जाऊन बसला. आराखडा फिरवल्याने संस्था बदलत नाही, हे खरं. पण पहिला आराखडा काढणाऱ्याला मुळं खाली दिसली होती, ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली आणि रेल्वेबरोबर तिची शिस्तही आली. महसूल खात्याची उतरंड त्याच्या आधीपासून होतीच. या सभागृहातल्या कित्येकांनी नोकरीत असताना अर्जाच्या डोक्यावर 'योग्य मार्गाने सादर' असं लिहिलं असेल. अर्ज आवक-जावक लिपिकाकडे, तिथून कक्ष अधिकाऱ्याकडे, अवर सचिव, उपसचिव, सचिव. प्रत्येक टप्प्यावर टिपणी, शेरा, सही. या प्रवासावर भरपूर टीका झाली आहे आणि बरीचशी रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजू फारशी कोणी मांडत नाही. ज्या मुलाच्या घरात आधी कोणी नोकरी केली नाही, ज्याची साहेबाच्या घरी ऊठबस नाही, त्याला ही लिखित उतरंडच आधार देते. ज्येष्ठतायादी भिंतीवर लागते. आरक्षणाची बिंदुनामावली तपासता येते. बढती डावलली तर नेमकं कोणी डावललं, हे सहीवरून कळतं आणि वरच्या पायरीवर दाद मागता येते. 'आपण सगळे एका घरातले' असं म्हणणाऱ्या कंपनीत त्याच मुलाने दाद कोणाकडे मागायची?

उतरंड फुटते ती वेगळ्या ठिकाणी. खालच्या मडक्यात घातलेली गोष्ट वर पोचेपर्यंत बदलते, तिथे.

२८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रॉकेटच्या सांध्यातली रबराची कडी, जिला ओ-रिंग म्हणतात, ती थंडीत ताठरली आणि गरम वायू बाहेर निसटला. ही कडी धोक्याची आहे, हे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइस्जोली यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी कळवलं होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर जी बैठक झाली, तीत थायोकॉलच्या अभियंत्यांनी एवढ्या थंडीत उड्डाण नको, असं सांगितलं. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला, आपसात बोलले आणि अभियंत्यांचा नकार व्यवस्थापकांच्या होकारात बदलून परत फोनवर आले. चौकशी आयोगात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी अहवालाच्या परिशिष्टात एक तफावत नोंदवली आहे. यान नष्ट होण्याची शक्यता किती, असं विचारल्यावर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते साधारण शंभरात एक असं सांगत. व्यवस्थापनाच्या मते ती एक लाखात एक होती. यान तेच, रॉकेट तेच. फक्त काही पायऱ्या चढताना धोका हजारपटीने आटला होता.

इथे शब्द वर पोचला, पण बदलून पोचला. त्याआधी नऊ वर्षं एक शब्द तीन फुटांचं अंतरही ओलांडू शकला नव्हता.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतल्या लास पाल्मास विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने तिकडची विमानं टेनेरीफच्या लॉस रोदेओस या लहानशा विमानतळावर वळवली होती. दुपारनंतर दाट धुकं उतरलं. धावपट्टीच्या एका टोकाला डच कंपनी केएलएमचं जम्बो जेट उड्डाणाच्या तयारीत उभं होतं, आणि त्याच धावपट्टीवरून अमेरिकन पॅन ॲमचं जम्बो धुक्यातून वाट काढत येत होतं. केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहायझेन फान झांटेन हे कंपनीचे नामवंत वैमानिक, प्रशिक्षण विभागाचे प्रमुख, कंपनीच्या जाहिरातींतला चेहरा. त्यांनी इंजिनांची ताकद वाढवली, तेव्हा सह-वैमानिकाने अजून परवानगी मिळाली नसल्याचं सांगितलं. ते थांबले. नियंत्रण कक्षाकडून पुढच्या मार्गाची सूचना आली, आणि त्यांनी पुन्हा विमान सोडलं. उड्डाणाची परवानगी आलेली नव्हतीच. सह-वैमानिक दुसऱ्यांदा अडले नाहीत. या विमानावरची त्यांची परीक्षा याच कॅप्टनांनी घेतलेली होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारलं, ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाहेर गेलं नाही का? कॅप्टनांनी ठामपणे गेल्याचं सांगितलं. इंजिनिअर गप्प बसले. काही सेकंदांत टक्कर झाली. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात याहून जास्त माणसं कधी गेलेली नाहीत.

अपघाताची कारणं अनेक होती: धुकं, गर्दी, एकमेकांत अडकलेले रेडिओ संदेश, ड्यूटीचे तास संपत आल्याची घाई. पण त्या कॉकपिटमधला तो प्रश्न आणि त्यानंतरची शांतता यांनी साऱ्या उद्योगाला अस्वस्थ केलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळलं आणि दहा जण गेले. कॅप्टन लँडिंग गिअरच्या बिघाडात गुंतले होते. इंधन उतरत असल्याचं सोबतचे बोलले होते, पण ऐकू जाईल एवढ्या जोराने कोणी बोललं नाही. १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद घेतली आणि त्यातून कॉकपिटमधल्या वागणुकीचं एक नवं प्रशिक्षण उभं राहिलं. आज जगभरच्या वैमानिकांना ते घ्यावं लागतं. युनायटेडने ते १९८१ च्या सुमारास सुरू केलं.

या प्रशिक्षणाने कॅप्टनचं पद काढून टाकलं नाही. कॉकपिटमधल्या तिघांची पंगत बसवून हात वर करून निर्णय घ्यायला कोणी सांगितलं नाही. कनिष्ठाने शंका आली की स्पष्ट बोलायचं, ऐकलं गेलं नाही तर पुन्हा बोलायचं. आणि कॅप्टनने ते बोलणं आपल्या अधिकाराचा अपमान न मानता माहिती म्हणून घ्यायचं, एवढंच शिकवलं. एवढंच म्हणायचं, पण वर्षानुवर्षं हुकूम देण्याची सवय झालेल्या माणसांना ते फार जड गेलं असणार.

त्याची कसोटी १९ जुलै १९८९ रोजी लागली. युनायटेडचं २३२ क्रमांकाचं डीसी-१० विमान आयोवा राज्यावरून जात असताना मागचं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. विमान वळवायला, वर-खाली न्यायला काहीच हाती उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांच्याकडे या स्थितीसाठी कुठलीही नियमपुस्तिका नव्हती, कारण अशी वेळ येईल असं कोणी धरलंच नव्हतं. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचे डीसी-१० चे प्रशिक्षक बसलेले होते. त्यांनी मदत देऊ केली, आणि हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये घेतलं. उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल कमी-जास्त करत फिच विमान सावरू लागले. चौघांनी बोलत बोलत ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. उतरताना विमान उलटलं, पेटलं, तुकडे झाले. तरी २९६ पैकी १८४ माणसं वाचली. नंतर हेन्स ठिकठिकाणी व्याख्यानं देत राहिले आणि श्रेय त्या प्रशिक्षणाला देत राहिले. ते सांगत, की कॉकपिटमध्ये सगळ्यांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, पण असं विमान उतरवण्याचा सराव कोणीच केला नव्हता. मग आपल्यालाच सगळं कळतं, असं कॅप्टनने का मानावं? शेवटपर्यंत ते कॅप्टनच होते. अधिकार त्यांचा होता आणि शब्द सगळ्यांचे होते.

आता पंगतीकडे.

'वाढपी ओळखीचा असला, की पंगतीत कुठेही बसावं' असं आपल्याकडे म्हणतात. पान सारखं, ओळ एक, पण तुपाची धार कोणाच्या भातावर मोठी पडेल हे वाढपी ठरवतो. पंक्तिभेद हा शब्द मराठीला बाहेरून कोणी आणून दिलेला नाही. शेकडो वर्षं इथल्या पंगतींनी तो कमावला आहे. कोण कोणत्या ओळीत बसेल आणि कोणाला अंगणाबाहेर थांबावं लागेल, हे ठरवणारी उतरंड पंगतीच्या आतच लपलेली होती.

अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० मध्ये एका भाषणात हेच सांगितलं. पुढे ते भाषण लेख होऊन सर्वदूर गेलं. चळवळीतले गट पुढारी नाकारत होते, पदं नाकारत होते. फ्रीमन यांचं म्हणणं, की रचनाच नाही असा गट नसतो. पदं नसली, की मैत्रीची कोंडाळी सत्ता चालवतात. ती निवडून आलेली नसतात, म्हणून त्यांना काढताही येत नाही. जी बाई त्या मैत्रीत नाही, तिला निर्णय कुठे झाला हेही कळत नाही. समतेसाठी जीव टाकणाऱ्या चळवळीतल्याच एका बाईने हे म्हटलं, म्हणून त्याला वजन आहे.

चाळीस वर्षांनी हाच अनुभव एका श्रीमंत कंपनीत आला. संगणकी खेळ बनवणाऱ्या अमेरिकेतल्या 'व्हॉल्व्ह' कंपनीची नव्या कर्मचाऱ्यांसाठीची पुस्तिका २०१२ मध्ये बाहेर आली आणि जगभर वाचली गेली. कंपनीत कोणी कोणाचा साहेब नाही. टेबलांना चाकं आहेत, ज्या कामात मन रमेल तिथे टेबल ढकलत न्यावं. पुढच्याच वर्षी तिथून काढल्या गेलेल्या एका अभियंतीने मुलाखतीत सांगितलं, की या सपाट रचनेखाली बलवान माणसांचा एक अदृश्य थर आहे आणि तिला तिथे शाळेतल्या कंपूंची आठवण यायची. बूट विकणाऱ्या 'झॅपोस'ने व्यवस्थापक हे पदच काढलं. नवी पद्धत मान्य करा किंवा पैसे घेऊन जा, असा पर्याय प्रमुखांनी २०१५ मध्ये पत्राने दिला, तेव्हा सुमारे १४ टक्के लोक गेले. गूगलच्या संस्थापकांनीही या शतकाच्या सुरुवातीला अभियंत्यांवरचे व्यवस्थापक काढून पाहिले. काही महिन्यांत खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट लॅरी पेज यांच्यापुढे येऊ लागलं आणि व्यवस्थापक परत आले.

मग पंगत कुठे जेवली? त्यासाठी सिलिकॉन व्हॅलीत जाण्याची गरज नाही. चर्चगेट स्टेशन पुरेसं आहे.

मुंबईचे डबेवाले १८९० पासून काम करत आहेत. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या भागातून आलेली ही माणसं, बहुतेक वारकरी. भरभराटीच्या काळात सुमारे पाच हजार डबेवाले रोज पावणेदोन ते दोन लाख डबे पोचवत आणि रिकामे परत नेत. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यास लिहिला. संघटनेत पायऱ्या तीनच: डबेवाला, मुकादम आणि निवडून आलेलं मंडळ. मुकादम गटाचा प्रमुख, पण तोही डबे उचलतो. गटाची कमाई गटात वाटली जाते. एवढं ऐकून ही मोकळीढाकळी पंगत वाटेल, पण तिचे नियम कडक आहेत. डोक्यावर पांढरी टोपी हवी. कामावर दारू प्यायली तर दंड. डब्याच्या झाकणावरच्या खुणा ठरलेल्या: कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कोणी उचलायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. नवा माणूस आधी उमेदवारी करतो, मग पैसे भरून गटात हिस्सा घेतो. एखादा आजारी पडला तर त्याच्या ओळीचे डबे उचलायला गटात जास्तीची माणसं असतात.

लोकल काही सेकंद थांबते. तेवढ्यात क्रेट चढवायचं की नाही, हे वरून कोणी सांगू शकत नाही. तिथे उभा असलेलाच ते ठरवतो. तो ठरवू शकतो, कारण धंदा त्याचा आहे, खुणा सगळ्यांच्या एक आहेत आणि चुकला तर कोणापुढे उभं राहायचं, हे त्याला माहीत आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही सेवा थांबली आणि नंतर कचेऱ्याच घरून चालू लागल्याने अनेक डबेवाले गावी परतले. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही व्यवस्था रचनेच्या दोषाने अडचणीत आलेली नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तिच्या मदतीला शहराने जितकं धावून जायला हवं होतं, तितकं ते गेलं नाही, ही खंत मनात राहते.

चर्चगेटपासून गिरगाव दूर नाही. १५ मार्च १९५९ रोजी तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन उडदाचे पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'च्या सभासद बायकांची संख्या सुमारे ४५ हजारांवर गेली होती. सभासद फक्त बायका. प्रत्येक जण मालकीण, आणि सगळ्या एकमेकींना बहेन म्हणतात. नफा-तोटा सगळ्यांचा. पुरुष पगारावर काम करू शकतात, मालक होऊ शकत नाहीत.

मालकीण असली तरी शिस्त सुटत नाही. सकाळी केंद्रावर यायचं, काल लाटून वाळवलेले पापड द्यायचे, वजन करायचं, तपासून घ्यायचे, आजचं मळलेलं पीठ न्यायचं. पापड जाड झाले, तर मालकिणीचेच असले तरी परत येतात. शाखेची प्रमुख संचालिका, सबंध संस्थेचं २१ जणींचं मंडळ, आणि या जागांवर बसणाऱ्या बायका पापड लाटणाऱ्या सभासदांमधूनच वर आलेल्या. म्हणजे पायऱ्या आहेत. पायऱ्या चढण्याची वाट मात्र पोळपाटापासून निघते.

तिसरं उदाहरण गडचिरोलीचं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा या गोंड गावाने ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे, असं ठरवलं. बहुमत नाही. एकाचाही विरोध असला, तर विषय पुढच्या सभेत. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहकारी यांनी या पद्धतीला अभ्यासगटाची जोड दिली. अभ्यासगटात कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, वाद घालायचे. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यायचा. या सावकाश पद्धतीने चालणाऱ्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. सर्वसहमतीला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. पण ज्यांचा विरोध मोडून निर्णय होतो, त्यांची नाराजी निस्तरायला किती वर्षं जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

या तिन्ही पंगतींत वाढपी कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पुढच्या पंगतीला त्यालाही पानावर बसायचं आहे. तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष निर्णय घेणारा गट एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचा आहे. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी उभ्या केलेल्या 'बुर्टझोर्ग' या घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत काही हजार परिचारिका आहेत, पण त्या जास्तीत जास्त बारा जणींच्या गटांत काम करतात आणि आपलं वेळापत्रक, नवी भरती, रुग्ण सगळं स्वतः ठरवतात. मोठी पंगत म्हणजे अनेक लहान पंगती, हे डबेवाल्यांना कोणाला शिकवावं लागलं नाही.

शेवटी पुन्हा उतरंडीकडे, तिच्या सर्वांत उंच रूपाकडे. सैन्याएवढी कडक उतरंड दुसरी नाही. आपल्या सैन्याच्या १९५४ च्या नियमांत लष्करी न्यायालयाविषयी एक तरतूद आहे. न्यायालयातल्या अधिकाऱ्यांची मतं तोंडी घ्यायची, आणि ती घेताना सुरुवात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून करायची. ब्रिगेडिअरचं मत आधी कानावर पडलं, तर कॅप्टनचं मत आपोआप तिकडे झुकेल, हे ओळखून केलेली ही तजवीज आहे. हुकूम पाळण्यावर जिची सगळी उभारणी आहे, त्या संस्थेलाही कळलं, की न्याय करताना खालचा शब्द आधी आणि न दबता यायला हवा.

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूध संस्था, ग्रंथालयं आणि शिक्षणसंस्थांचं दाट जाळं आहे. त्यांतल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. इथे बसलेले अनेक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचे अध्यक्ष, सचिव किंवा साधे सभासद आहेत. त्यांना एवढीच विनंती आहे. येत्या सभेत अध्यक्षांचं भाषण होण्याआधी पतसंस्थेच्या पिग्मी एजंटला, ग्रंथालयाच्या शिपायाला, सोसायटीच्या वॉचमनला, डेअरीवर पहाटे दूध मोजणाऱ्याला बोलायला सांगा. ते काय म्हणाले, हे इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या सभेची सुरुवात ते पान वाचून करा.